रांग, खिडकी आणि सर्व्हर

बँकेत पासबुक अपडेट करायला जावं, अर्धा-पाऊण तास रांगेत उभं राहावं आणि नेमका आपला नंबर लागल्यावर काचेपलीकडून आवाज यावा, "सर्व्हर डाउन आहे, जेवणानंतर या." हे वाक्य कधी ऐकलंच नाही असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आयटीत काम करतो म्हणून लोक मला विचारतात, हा सर्व्हर म्हणजे नेमका असतो तरी कोण, आणि तो सारखा पडतो का?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायला बसलं की १९०९ सालच्या कोपनहेगनपर्यंत मागे जावं लागतं. कारण 'सर्व्हर' हा शब्द मुळात कॉम्प्युटरवाल्यांचा नाहीच. तो रांगेच्या गणितात आधीपासून होता आणि तिथे त्याचा अर्थ 'खिडकीवर बसलेला माणूस' असाच होता. म्हणजे "सर्व्हर डाउन आहे" असं सांगणारे ते काचेपलीकडचे काका मूळ अर्थाने स्वतःच सर्व्हर आहेत :-)

आधी आजचा अर्थ उरकून घेऊ. सर्व्हर म्हटलं की डोळ्यासमोर येते ती एसी खोली, काळी कपाटं, लुकलुकणारे हिरवे दिवे. चित्र चुकीचं नाही, पण ते सर्व्हरचं घर झालं. सर्व्हर हा खरं तर एक प्रोग्रॅम असतो. तो सुरू होतो, ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो की अमुक नंबरच्या पोर्टवर कुणी आलं तर मला उठव, आणि गप्प बसतो. मग कुणीतरी येऊन काहीतरी मागतं. त्या मागणाऱ्याला क्लायंट म्हणायचं. हा ते शोधून देतो आणि पुन्हा वाट बघत बसतो. वेबचा सर्व्हर ८० किंवा ४४३ नंबरच्या पोर्टवर, मेलचा २५वर. बस्स, एवढंच. तुमच्या लॅपटॉपवर पायथॉन असेल तर एका ओळीच्या कमांडने तुमचा लॅपटॉपसुद्धा वेब सर्व्हर होतो. त्याच्यात आणि कपाटातल्या महागड्या यंत्रात फरक असतो तो मुख्यतः टिकाऊपणाचा. तिथे पॉवर सप्लाय दोन असतात, एक जळला तर दुसरा चालू राहतो. मेमरी चुकलेला बिट स्वतःच दुरुस्त करते. एखादी डिस्क मेली तरी डेटा शाबूत राहील अशी डिस्कची जोडणी असते. खिडकी बंद पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

पण खिडकी उघडी असणं वेगळं आणि आपला नंबर लागणं वेगळं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सर्व्हरचा इतिहास मला विचाराल तर या दुसऱ्या गोष्टीचाच जास्त आहे.

तर कोपनहेगन. आग्नर क्रारुप एर्लांग हा डेन्मार्कमधल्या एका खेड्यातल्या शाळामास्तरांचा मुलगा, जन्म १८७८चा. गणित शिकला, काही वर्षं शाळांत शिकवलं आणि १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. तिथे तांत्रिक विभागाचे प्रमुख होते योहान येन्सन. इंजिनियरिंगला किंवा एमएस्सीला 'येन्सनची असमानता' घोकली असेल त्यांना हे नाव आठवेल, तेच हे येन्सन.

त्या काळी फोन लावायचा म्हणजे एक्स्चेंजमधली ऑपरेटर तुमची वायर हाताने समोरच्याच्या वायरीला जोडून देणार. कंपनीपुढचा प्रश्न अगदी वाण्याच्या दुकानातला होता. ऑपरेटर किती ठेवायच्या? दोन एक्स्चेंजमध्ये लाइनी किती टाकायच्या? जास्त ठेवल्या तर पगार आणि तांबं वाया, कमी ठेवल्या तर गिऱ्हाईक ताटकळतं. तोवर हे सगळं अंदाजपंचे चालायचं. एर्लांगने पाहिलं की एकटादुकटा माणूस फोन कधी उचलेल ते देवालाही सांगता येणार नाही, पण असे हजारो लोक एकमेकांचा विचार न करता फोन करायला लागले की त्या गोंधळाला एक शिस्त येते. ती शिस्त पॉइसाँच्या सूत्रात बसते हे त्याने १९०९च्या निबंधात दाखवलं. १९१७ मध्ये त्याने पुढची सूत्रं दिली. सगळ्या लाइनी भरल्यावर गिऱ्हाइकाला परत पाठवलं तर काय होतं, आणि त्याला थांबवून ठेवलं तर काय होतं, अशी ती दोन वेगवेगळी सूत्रं. हे दोन पर्याय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. ब्रिटिश पोस्ट ऑफिसनेही, तेव्हा तिकडचे फोन त्यांच्याकडे होते, ही सूत्रं वापरायला घेतली. १९४६ मध्ये टेलिफोनच्या वाहतुकीच्या एककालाच 'एर्लांग' असं नाव मिळालं. तोवर तो जाऊन सतरा वर्षं झाली होती.

जाता जाता, हा माणूस नुसता टेबलावर गणितं करणारा नव्हता. केबलमधला वीजप्रवाह मोजायला तो स्वतः शहरातल्या मॅनहोलमध्ये उतरायचा. पुढे एर्लांग आणि मागे शिडी घेतलेला मजूर, ही जोडी कोपनहेगनकरांच्या ओळखीची झाली होती म्हणे.

आता त्या गणितातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. इंजिनियरिंगला आम्ही हे क्यूइंग थिअरी म्हणून सात-आठ मार्कांसाठी घोकलं. त्याचा अर्थ कामाला लागल्यावर कळला. समजा एक खिडकी आहे, प्रत्येक गिऱ्हाइकाला सरासरी ४ मिनिटं लागतात आणि लोक त्यांच्या मर्जीने कधीही येतात. कारकून दिवसातला निम्मा वेळ कामात असेल तर तुम्हाला सरासरी ४ मिनिटं थांबावं लागेल. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर? १६ मिनिटं. ९० टक्क्यांना ३६ मिनिटं. ९५ टक्क्यांना ७६ मिनिटं. आणि ९९ टक्क्यांना ३९६ मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांहून जास्त!

पुन्हा एकदा बघा. ९० वरून ९५वर जाताना काम वाढलं जेमतेम साडेपाच टक्के, पण वाट बघणं दुपटीहून वाढलं. कारकून तोच, त्याचा वेग तोच. सूत्रात छेदाला 'एक वजा व्यस्तता' असतं, आणि व्यस्तता एकाच्या जवळ गेली की छेद शून्याकडे जातो आणि उत्तर आभाळाला भिडतं. ऑफिसात "कालपर्यंत तर नीट चालू होता, आज एकदम काय झालं?" असा प्रश्न येतो तेव्हा निम्म्या वेळा उत्तर या छेदात असतं. काही 'एकदम' होत नाही. रोज थोडं थोडं ट्रॅफिक वाढत असतं आणि एक दिवस आपण त्या आलेखाच्या वळणावर येतो.

याच गणिताची दुसरी गंमत. दोन खिडक्या आहेत, दोन्ही ८० टक्के व्यस्त, दोन्हींच्या रांगा वेगळ्या. वर आलंच आहे, प्रत्येक रांगेत सरासरी १६ मिनिटं. आता फक्त एवढंच करा, दोन्ही खिडक्यांसाठी रांग एकच ठेवा. जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जाईल. एकही जादा कारकून न नेमता सरासरी येते साधारण ७ मिनिटांवर. शेजारची खिडकी रिकामी आणि आपण मात्र एका चौकशीबहाद्दराच्या मागे अडकलोय, हा प्रकारच बंद होतो ना.

'सर्व्हर' हा शब्द या गणितात पक्का बसला तो केंब्रिजवाल्या नव्हे, तर तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेल्या डेव्हिड केंडलच्या १९५३च्या निबंधाच्या सुमाराला. लोक कसे येतात, काम किती वेळ चालतं आणि सर्व्हर किती, या तीन गोष्टींवरून रांगेला नाव द्यायची त्याची पद्धत आजही पुस्तकांत आहे. इथे सर्व्हर म्हणजे जो कुणी सेवा देईल तो. कारकून, न्हावी, विमानतळाची धावपट्टी, काहीही.

आणि कॉम्प्युटर? १९५०च्या दशकात कॉम्प्युटरपुढची रांग ही खरोखरची रांग होती. पंच कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या हातात द्यायचा आणि घरी जायचं. उत्तर काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. त्यात एका कार्डावर स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा रांगेत. एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये यावरचा उपाय करून दाखवला, टाइम-शेअरिंग. यंत्राने एकाचं काम थोडं करायचं, मग दुसऱ्याचं थोडं, मग तिसऱ्याचं; इतक्या भरभर की प्रत्येकाला वाटावं यंत्र आपल्या एकट्याचंच आहे. त्यातली खरी हुशारी रांगेच्या नियमात होती. ज्याचं काम लवकर आटपतं त्याला पुढे ठेवायचं, आणि जो फार वेळ खातोय त्याला हळूहळू मागच्या रांगेत ढकलायचं. एक सही घ्यायला आलेल्या माणसाला होम लोनच्या फाइलमागे उभं न करणारा कारकून आठवा. (असा कारकून तुम्हाला भेटला असेल तर तुम्ही भाग्यवान!)

त्याच यंत्रांच्या भोवती १९६३च्या सुमाराला आणखी एक शब्द जन्माला आला, 'डीमन'. कुणी न सांगता मागे गुपचूप काम करत राहणारा प्रोग्रॅम. भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या काल्पनिक डीमनवरून हे नाव घेतलं. आजही लिनक्सवर सर्व्हर प्रोग्रॅमच्या नावाच्या शेवटी जो 'डी' दिसतो, एचटीटीपीडी, एसएसएचडी वगैरे, तो हाच. मराठीत याचं भाषांतर कुणी 'राक्षस' किंवा 'भूत' असं केलं की मला हसू येतं. कोकणातल्या माणसाला विचारा, तो बरोबर शब्द देईल: राखणदार. दिसत नाही, रात्रभर जागा असतो, गावाची काळजी घेतो आणि त्याचा मान चुकवला की मग मात्र काही खरं नाही.

यापुढे रांगेचं गणित आणि कॉम्प्युटर यांची गाठ एका माणसात पडते. लेनर्ड क्लाइनरॉक. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत पीएचडी करताना त्याने विषय घेतला तो संदेशांच्या जाळ्यातल्या रांगांचा. एर्लांगच्या टेलिफोनमध्ये माणसं थांबायची, क्लाइनरॉकच्या जाळ्यात संदेश थांबणार होते. पुढे तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत प्राध्यापक झाला आणि सप्टेंबर १९६९ मध्ये आर्पानेटचं, म्हणजे इंटरनेटच्या आजोबांचं, पहिलं जोडणीयंत्र त्याच्याच प्रयोगशाळेत बसलं.

त्याच वर्षी जूनमध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या जेफ रुलिफसनने या जाळ्यासाठी एक टिपण लिहिलं. आरएफसी मालिकेतलं ते पाचवं. त्यात जाळ्यातल्या कॉम्प्युटरच्या दोन भूमिका सांगितल्या आहेत, 'यूझर-होस्ट' आणि 'सर्व्हर-होस्ट'. एक मागणारा, एक देणारा. खिडकीच्या अलीकडचा आणि पलीकडचा. कॉम्प्युटरच्या जगात हा शब्द या अर्थाने दिसतो त्यातली ही अगदी सुरुवातीची नोंद.

आणि आता योगायोग बघा. २९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री साडेदहाला यूसीएलएतल्या चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डच्या त्या यंत्रात 'लॉगिन' असं टाइप करायला घेतलं. पलीकडे फोनवर बिल डुव्हाल होता. 'एल' पोहोचला. 'ओ' पोहोचला. तिसऱ्या अक्षराला पलीकडचं यंत्र कोसळलं. म्हणजे आर्पानेटवर पहिली मागणी गेली तीच मुळी 'सर्व्हर डाउन' ऐकून परत आली! तासाभराने दुरुस्ती करून काम फत्ते झालं, हा भाग वेगळा.

आपल्याकडे मात्र बहुतेकांची सर्व्हरशी पहिली गाठ पडली ती रेल्वेच्या खिडकीवर, आणि तेही आपण सर्व्हर वापरतोय हे माहीत नसताना. ज्यांचे आईवडील १९८०च्या आधी मुंबईहून नागपूरला किंवा दिल्लीला जायचे त्यांनी एकदा घरी विचारून बघा. रिझर्व्हेशन म्हणजे जाडजूड रजिस्टरं. गाडीचं रजिस्टर ज्या खिडकीवर, तिकीट त्याच खिडकीवर. चुकीच्या रांगेत उभं राहिलात तर पुन्हा पहिल्यापासून. परतीचं तिकीट हवं तर दुसऱ्या गावाला तार जाणार. एका रजिस्टरात एका वेळी एकच माणूस लिहू शकतो, त्यामुळे खिडक्या कितीही बांधल्या तरी त्यांच्या रांगा वेगळ्याच राहणार.

सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने केलेली कॉम्प्युटर आरक्षण यंत्रणा १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशी केंद्रं उभी राहिली आणि १९९९ मध्ये ही पाचही एकमेकांना जोडली गेली. लोक म्हणतात कॉम्प्युटर आल्याने कारकुनाचा हात जलद झाला. मला वाटतं त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. रजिस्टर खिडकीवरून उठून आतल्या खोलीत गेलं. आता कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळायला लागलं, म्हणजेच वरच्या उदाहरणातल्या दोन रांगांची एक रांग झाली. १६ मिनिटांची ७ मिनिटं होतात ती अशी. अर्थात याची एक किंमत असते. दोन शहरांतल्या दोन कारकुनांनी एकाच क्षणी एकच बर्थ मागितला तर? आतल्या सर्व्हरला त्या बर्थवर क्षणभर कुलूप लावावं लागतं, एकाला द्यायचा, दुसऱ्याला नाही म्हणायचं. म्हणजे रांग संपली नाही. ती फलाटाशेजारच्या हॉलमधून उठून यंत्राच्या पोटात गेली.

२००२ मध्ये आयआरसीटीसीने ऑनलाइन तिकिटं सुरू केली आणि खिडक्याच संपल्या. आता प्रत्येक घरात एक खिडकी. मग तत्काळच्या वेळी साइट का रडते याचं उत्तर एर्लांगकडेच आहे. त्याचं गणित चालतं ते लोक आपापल्या मर्जीने, विखरून येतात या गृहीतावर. सकाळी दहाच्या ठोक्याला लाखो बोटं एकाच वेळी बटण दाबतात तेव्हा ते गृहीतच मोडतं. २०१५ मध्ये एसीचं तत्काळ दहाला आणि नॉन-एसीचं अकराला अशी वेळ विभागली, ती या मोडलेल्या गृहीताला लावलेली पट्टी आहे. साधी, फुकट आणि माझ्या मते हुशार.

आता परत वेबकडे. १९९०च्या शेवटी टिम बर्नर्स-लीने जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तो जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये, स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीच्या एका डेस्कटॉपवर. त्या काळ्या डब्यावर त्याने कागद चिकटवून लाल शाईने लिहिलं होतं की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. लिहिणं भाग होतं, कारण दिसायला तो टेबलावरचा साधा कॉम्प्युटर. रात्री जाताना कुणीही भल्या मनाने बटण दाबलं असतं आणि जगातली सगळी वेब बंद पडली असती.

सुरुवातीच्या वेब सर्व्हरची काम करायची पद्धत श्रीमंती होती. आलेल्या प्रत्येक माणसामागे एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचा कारकून. १९९५ मध्ये आलेला अपाची त्याच वाटेने वाढला. दिवसाला काही शे किंवा काही हजार लोक येत होते तोवर झकास. पण कारकुनाला बसायला खुर्ची लागते, म्हणजे मेमरी. एका थ्रेडला २ एमबीचा स्टॅक धरला तर १०,००० जोडण्यांना २० जीबी झाले, आणि १९९९ मधल्या सर्व्हरमध्ये एक-दोन जीबी असली तरी चैन होती. त्या वर्षी डॅन केगेलने 'सीटेनके' म्हणून हा प्रश्न मांडला. एका यंत्रावर एकाच वेळी दहा हजार लोक का सांभाळता येऊ नयेत?

त्याचं उत्तर आपल्या लग्नाच्या पंगतीत आहे. पंगतीला दोनशे पानं असली म्हणून दोनशे वाढपी नसतात. प्रत्येक पानाशेजारी एकेक वाढपी उभा राहून 'भात संपेल तेव्हा वाढीन' असं म्हणत थांबत नाही. चार जण आमटी, भात, जिलबी घेऊन फेऱ्या मारतात. ज्याचं पान रिकामं दिसेल किंवा जो हाक मारेल तिथे वाढतात आणि पुढे सरकतात. कारण जेवणाऱ्याचा बहुतेक वेळ जेवण्यात जातो, मागण्यात नाही. नेटवर्कवरच्या जोडणीचंही तेच. ती बहुतेक वेळ गप्पच असते. फ्रीबीएसडीत २००० मध्ये केक्यू आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये २००२ मध्ये ईपोल आला, ही 'हाक मारली की सांगा' अशी सोय होती. त्या पद्धतीवर बांधलेला इगोर सिसोएवचा एन्जिनेक्स २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. सर्व्हरचं मराठी मला कुणी विचारलं तर मी 'सेवादाता' वगैरे सांगत नाही. वाढपी. झालं.

तरीही वाढपी कमी पडतातच, आणि मग एर्लांगचे ते दोन पर्याय समोर येतात. ऑपरेटिंग सिस्टिम आलेल्यांना काही काळ एका रांगेत उभं करते. या रांगेची लांबी लिनक्समध्ये मुळात १२८ होती. २०१९च्या नोव्हेंबरात आलेल्या ५.४ आवृत्तीत ती ४०९६ केली. रांगही भरली की नवीन माणसाला दारातूनच परत पाठवलं जातं. स्क्रीनवर येणारा ५०३चा आकडा आणि फोनवर ऐकू येणारं 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' ही एकाच आईची लेकरं. नवखा इंजिनियर रांग लांबवून प्रश्न सोडवायला जातो. पण रांगेत दोन मिनिटं थांबलेला माणूस कंटाळून रिफ्रेश मारतो. त्याची जुनी मागणी रांगेत तशीच, वर नवी दाखल. सर्व्हर निघून गेलेल्या लोकांसाठी पानं वाढत बसतो. त्यापेक्षा वेळेवर 'नाही' म्हणणं बरं. हे मॅनेजमेंटला पटवणं मात्र अवघड जातं.

त्याहून अवघड काय असेल तर रिकामपण पटवणं. सगळी यंत्रं ४० टक्क्यांवर चालली आहेत असा रिपोर्ट गेला की वरून हमखास प्रश्न येतो, मग निम्मी यंत्रं काढून टाकू या का? प्रश्न गैर नाही. गूगलच्या लुईस बारोसो आणि उर्स हॉल्झले यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांच्या हजारो सर्व्हरची पाहणी आहे. बहुतेक वेळ ते १० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असायचे, आणि वाईट म्हणजे चांगला सर्व्हरसुद्धा जवळजवळ काहीच काम नसताना कमाल विजेच्या सुमारे निम्मी वीज खायचा. नुसता खिडकीवर बसून राहण्याचा हा खर्च. ही वीज कुठल्या तरी कोळशातून येते. एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रं बसवायचा धंदा वाढला तो यामुळे. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ पासून तासावर यंत्र भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हाही विचार तोच होता, रांगा एकत्र करा म्हणजे रिकामपण वाटून घेता येईल. पंचवीस कंपन्यांच्या गर्दीच्या वेळा एकाच मिनिटाला येत नाहीत. पुन्हा तेच १६ आणि ७ मिनिटांचं गणित, फक्त मोठ्या प्रमाणावर.

पण हे रिकामपण कमी करता येतं, शून्य करता येत नाही. ते शून्य केलं की छेद शून्य होतो. आणि गंमत अशी की आमच्या धंद्यात यंत्रांना हे मान्य आहे, माणसांना नाही. सर्व्हर ७० टक्क्यांच्या वर गेला तर रात्री दोनला अलार्म वाजतो. टीमचं युटिलायझेशन मात्र ९५ टक्के दाखवलं की अभिनंदनाची मेल येते. मग त्याच टीमकडे दोन दिवसांचं छोटंसं काम पाठवलं आणि ते पाच आठवडे पडून राहिलं की सगळे चक्रावतात. कुणी आळशी नसतं. ९५ टक्क्यांवरच्या खिडकीसमोर सरासरी थांबणं कामाच्या १९ पट असतं, दोन दिवसांचे अडतीस दिवस होतात. माणसं गणितातल्या कारकुनाइतकी सरळ नसतात हे मान्य, पण वळण तेच.

एर्लांगचं नाव यात आणखी एकदा येतं. १९८६च्या सुमाराला स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक प्रोग्रॅमिंग भाषा बनवायला घेतली आणि तिला 'एर्लांग' हे नाव दिलं. आपल्या गणितज्ञाचं नाव, आणि 'एरिक्सन लँग्वेज' असा शब्दखेळही. तिच्यात प्रत्येक कॉलसाठी एक इवलीशी प्रोसेस असते, इतकी हलकी की लाखोंनी चालवता येतात. १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे व्हॉट्सॲपने आपला सर्व्हर तिच्यात लिहिला.

जानेवारी २०१२ मध्ये व्हॉट्सॲपच्या इंजिनियरांनी आपल्या एका सर्व्हरचे आकडे जाहीर केले. एकच यंत्र, २४ लॉजिकल सीपीयू, शंभरेक जीबी मेमरी आणि त्यावर एकाच वेळी उघड्या असलेल्या जोडण्या २२,७७,८४५. एवढी माणसं खिडकीशी उभी असताना त्या यंत्राचा सीपीयू सुमारे ४२ टक्के रिकामा होता.